केराचा आठवडा

पहिल्याच शनिवारी सकाळी दादाच्या फ्लॅटचं दार उघडलं, तर बाहेरच्या मुठीला पुठ्ठ्याची एक पाटी लटकत होती. तिच्यावर झाडूचं चित्र आणि खाली एक लांबलचक जर्मन शब्द. मला वाटलं, असेल कसल्यातरी सेलची जाहिरात. काढून आत आणली आणि वहिनीला विचारलं, “ही फेकू का गं?”

वहिनी किंचाळलीच. “अगं बाई, लाव ती आधी परत! कुणी बघितलं तर? या आठवड्यात आपला नंबर आहे.”

“कसला नंबर?”

“जिना झाडायचा.”

तर मंडळी, हा माझा पहिला कल्चर शॉक. तो बसला जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात, एका चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. सिडकोत वाढलेला, इंजिनीअर झालेला आणि आता तिकडेच स्थिरावलेला. नाशिककरांना स्टुटगार्ट तसं परकं नाही. सातपूरच्या ज्या कंपनीला आपण वर्षानुवर्षं ‘मायको’ म्हणत आलो, ती २००८ मध्ये अधिकृतपणे ‘बॉश’ झाली. आपल्या मायको सर्कलला मात्र कुणी ते सांगितलं नाही, ते अजून मायकोच आहे! या बॉशचा पहिला वर्कशॉप १८८६ साली निघाला तो याच स्टुटगार्टमध्ये. त्यामुळे ‘काका ट्रेनिंगला जर्मनीला गेले होते आणि येताना चॉकलेटं आणली होती’ ही आठवण आपल्याकडे घरोघरी सापडते. पण त्या काकांपैकी एकानंही आम्हाला जिना झाडायच्या पाटीबद्दल सांगितलं नव्हतं.

या प्रकाराला तिथं म्हणतात ‘केरवोखं’. ‘वोखं’ म्हणजे आठवडा. आणि ‘केर’? ते जर्मन क्रियापद आहे, अर्थ झाडणे. मी उडालेच. आपण काढतो तोही केर, ते काढतात तोही केर! हा निव्वळ योगायोग आहे म्हणे, पण असा योगायोग भेटला की परकं गाव एकदम ओळखीचं वाटायला लागतं.

पद्धत सोपी आहे. प्रत्येक मजल्यावरच्या बिऱ्हाडांनी आळीपाळीनं आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसायचा. ही छोटी केरवोखं. मोठीत इमारतीसमोरचा फुटपाथ, तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा, हिवाळ्यात बर्फसुद्धा. आपला आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. संपला विषय. वॉचमन नाही, सेक्रेटरी नाही, नोटीस बोर्डावर लाल शाईतली सूचना नाही.

याचं मूळ शोधत गेलं की थेट १४९२ साली पोचतो. म्हणजे कोलंबस जहाज घेऊन निघाला त्या वर्षी. तेव्हाच्या शहराच्या नियमांत काउंट एबरहार्डनं लिहून ठेवलं, की ज्यानं त्यानं आपापली घाण दर आठवड्याला शहराबाहेर नेऊन टाकावी. या एबरहार्डला लोक ‘दाढीवाला’ म्हणूनच ओळखतात. पुढे पाचशे वर्षांत त्याचं रूप बदलत गेलं. १९८८ मध्ये महापालिकेनं सक्ती उठवली, तरी पाटी काही दारावरून उतरली नाही. भाडेकरारात ती कलमं असतातच. आणि करारापेक्षा कडक असते शेजारीणबाईंची नजर.

आल्या आल्या मी दादाची यथेच्छ टिंगल केली. “इतका शिकलास, इतका पगार घेतोस आणि जिना झाडतोस?” दादा शांतपणे म्हणाला, “वरच्या मजल्यावरचा माणूस आमच्या डिपार्टमेंटचा मोठा साहेब आहे. मागच्या आठवड्यात त्याचा नंबर होता.”

मी गप्प.

तीन आठवड्यांत अशा गमती खूप जमल्या. तिथं रविवारी दुकानं बंद असतातच, पण रविवारी भिंतीला ड्रिल मारायचं नाही, लॉन कापायचं नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्याही डब्यात टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. वहिनी तर रविवारी व्हॅक्यूम क्लीनरही लावत नाही. मी हसायला लागले, तर ती म्हणाली, “हसतेस काय? तिन्हीसांजेला केर काढू नये म्हणून आत्या तुला ओरडायची ना?” खरंच की. लक्ष्मी घरात यायच्या वेळी झाडू फिरवायचा नाही, हा आपला नियम. रविवारी शेजाऱ्याच्या झोपेवर झाडू फिरवायचा नाही, हा त्यांचा.

आणि भाषा! एकवीस हा आकडा इंग्रजीत आधी वीस, मग एक. जर्मनमध्ये आधी एक, मग वीस. अगदी आपल्यासारखं, एक-वीस. वेळ सांगताना तर कमालच. वहिनीच्या मैत्रिणीनं मला ‘हाल्ब द्राय’ला कॉफीला बोलावलं. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. मी इंग्रजी डोकं चालवलं आणि साडेतीनला पोचले. कॉफी गार, मैत्रीण त्याहून गार. तिथं ‘अर्धा तीन’ म्हणजे तिसरा तास अर्धा झाला, म्हणजे अडीच. घरी येऊन दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, “मराठी डोकं चालवायचंस ना. आपला ‘अडीच’ हा शब्द आलाय ‘अर्धतृतीय’ वरून. म्हणजे तिसरा अर्धा!” एवढा जवळचा नातेवाईक भेटला आणि मी एक तास उशिरा पोचले.

माणसं मात्र तिथं लगेच जवळची होत नाहीत. त्यांच्यातही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे आणि ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायला वर्षं जातात. तळमजल्यावर एक आजी राहतात, पंचाहत्तरीच्या पुढच्या. जिन्यात भेटल्या की ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘राम राम’च. पण दादा-वहिनी तिथं सहा वर्षं राहून त्यांना अजून आडनावानंच हाक मारतात, पुढे ‘श्रीमती’ लावून. मला ते फार कोरडं वाटलं. आपल्याकडे कसं, पाच मिनिटांत काकू, मावशी, आजी! मी मनातल्या मनात नाशिकला शंभरपैकी शंभर देऊन टाकले.

आता खरी गोष्ट.

दुसऱ्या शनिवारी दादा टूरवर, वहिनीला ताप. पाटी अजून आमच्याच दारावर, कारण दादानं आठवडाभर ‘करतो, करतो’ म्हणत ढकललं होतं. मी म्हटलं, “वहिनी, तू पड. मी करते.” झाडू मारला. पण नुसतं झाडून माझं समाधान होईना. मी बादली भरली, त्यात लिक्विड ओतलं आणि आपल्याकडे दिवाळीच्या आधी ओटा धुतात तशी दणादण ओतली जिन्यावरून. पाणी पायऱ्या उतरत, वळणं घेत, दुसरा मजला, पहिला मजला करत थेट आजींच्या दारात.

दार उघडलं. आजी बाहेर आल्या. आधी पाण्याकडे बघितलं, मग वर माझ्याकडे. मी ‘सॉरी, सॉरी’ करत धावले. त्या काहीच बोलल्या नाहीत. आत गेल्या, एक फडकं आणि काठीचं पोछा घेऊन आल्या आणि खालून पुसायला लागल्या. मी वरून, त्या खालून. मधल्या वळणावर आमची गाठ पडली. फडकं कसं घट्ट पिळायचं ते त्यांनी मला करून दाखवलं. दोनदा! पहिल्यांदा मी नापास झाले होते.

तोवर आवाजानं वहिनी शाल पांघरून बाहेर आलेली. आजींनी तिला काहीतरी विचारलं. वहिनीनं माझ्याकडे बघत भाषांतर केलं. “त्या विचारतायत, तुमच्याकडे घरी जिना कोण करतं?”

मी म्हटलं, “सांग त्यांना, आम्हीच करतो.”

वहिनीनं एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि तसं सांगितलं. आजींनी मान डोलावली, माझा हात हातात घेऊन हलवला आणि दार लावून घेतलं.

मी खोटं का बोलले? कुणी मला पकडणार नव्हतं. ‘आमच्याकडे एक बाई येतात, पगार देतो त्यांना’ हे खरं उत्तर होतं आणि त्यात बेकायदा काही नाही. पण त्या ओल्या जिन्यात, पदवीधर मी आणि पंचाहत्तरीच्या त्या, दोघींच्या हातात फडकी असताना ते उत्तर तोंडातून बाहेर पडेना. कारण त्यांचा पुढचा प्रश्न काय असेल ते मला कळलं होतं. ‘कोण बाई?’ आणि मला खरंच माहीत नव्हतं. इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत नऊ वर्षं जिना झाडणाऱ्या बाईंचं नाव मला ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे त्यांना ‘मावशी’ म्हणतो.

दादा टूरवरून आला तेव्हा मी जर्मनीचे गोडवे गायला सुरुवात केली होती. त्यानं मला थांबवलं. “एवढी भारावू नकोस. माझ्या ऑफिसात संध्याकाळी सातनंतर येऊन बघ, झाडायला कोण येतं. बहुतेक बाहेरून आलेली माणसं. त्यांची नावं मला तरी कुठं माहितीयत? आणि ही केरवोखं म्हणजे काही प्रेमाचा मामला नाही. कोपऱ्यात धूळ राहिली तर चिठ्ठी येते. कित्येक जण आता पैसे देऊन कंपनीकडून करून घेतात.” मग थोडं थांबून म्हणाला, “फरक एवढाच, की इथं झाडू हातात घेतल्यानं कुणी लहान होत नाही. निदान स्वतःच्या जिन्यात तरी.”

शेवटच्या रविवारी तो आम्हाला शहराजवळच्या द्राक्षमळ्यांत घेऊन गेला. हो, स्टुटगार्टच्याही डोंगरउतारांवर द्राक्षं आहेत. नाशिकच्या मुलीला आणखी काय हवं? तिथले द्राक्षबागायतदार वर्षातले काही आठवडे आपली वाइन घरीच, छोट्या खानावळीत विकतात आणि खानावळ उघडी आहे हे कळावं म्हणून दाराबाहेर चक्क एक झाडू टांगतात! झाडू म्हणजे आमंत्रण. मला आमच्या घरची लक्ष्मीपूजनाची रात्र आठवली. नवी केरसुणी आणायची, पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायचं. वर्षभर तिला पाय लागला तर नमस्कार करायचा. केरसुणीला लक्ष्मी मानणारे आपण. पण ती केरसुणी पिढ्यान्‌पिढ्या वळत आली ती मातंग समाजातली कुटुंबं, आणि त्यांना गावानं कुठं बसवलं होतं ते आपल्याला माहीत आहे. केरसुणी पाटावर, ती वळणारा वेशीबाहेर.

हे सगळं डोक्यात घेऊन मी नाशिकला उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जिन्यात खराट्याचा आवाज आला. एरवी त्या आवाजानं मी कूस बदलते. त्या दिवशी दार उघडून बाहेर गेले.

“मावशी, तुमचं नाव काय हो?”

त्या दचकल्या. “का ताई? काय झालं? कुणी काय बोललं का?”

म्हणजे बघा. नऊ वर्षांत नाव विचारलं जातं ते तक्रार करायचीच असेल म्हणून, असाच त्यांचा समज. मी म्हटलं, सहजच विचारते. त्यांनी सांगितलं. छान, जुन्या वळणाचं नाव आहे. मी लिहिण्याचं काम करते हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे लगेच पुढे म्हणाल्या, “पेपरात नका छापू हां.” म्हणून छापत नाही.

त्या महिन्याच्या सोसायटी मीटिंगमध्ये मी उत्साहानं केरवोखंची आयडिया मांडली. रविवारी एकेका मजल्यानं आपापला जिना करायचा! दोन मिनिटं शांतता. मग कुणीतरी म्हणालं, “मग मावशींचा एका दिवसाचा पगार कापायचा का?” दुसरं कुणीतरी म्हणालं, “आम्ही मेंटेनन्स कशाला भरतो?” विषय लिफ्टच्या दुरुस्तीकडे गेला.

मी मावशींनाच विचारलं. त्या हसल्या. “ताई, तुम्ही झाडायला लागलात तर मी काय करू? बारा फ्लॅटचे पैसे येतात मला.” माझा सगळा जर्मन फंडा एका वाक्यात झाडून टाकला त्यांनी. बरोबरच होतं. मला चार दिवस झाडू हातात घेऊन बरं वाटणार होतं, त्यांचा महिना त्यावर चालतो. पाटी विमानातून आणता येते, पण त्या पाटीखालची पाचशे वर्षं बॅगेत मावत नाहीत.

पण एक गोष्ट उरली होती. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कप असतो. पांढरा, कडेला टवका उडालेला. तो मावशींचा कप. रोज त्यातून त्यांना चहा देतो, अगदी आलं घालून. आई प्रेमानं देते, त्यांच्या मुलीच्या दहावीच्या वेळी पुस्तकंही घेऊन दिली होती तिनं. कप मात्र वेगळा. तो वेगळा आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. स्टुटगार्टच्या आजी वहिनीला सहा वर्षांत ‘तू’ म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्याकडे गेल्यावर सगळ्यांना एकाच सेटमधले कप मिळतात. आम्ही पहिल्याच दिवशी ‘मावशी’ म्हटलं आणि कप खिडकीत ठेवला.

मी आईला विचारलं. आई म्हणाली, “अगं, त्यांनाच संकोच वाटतो. त्यांनाच आवडतं तसं.” मग जरा वेळानं, ओटा पुसता पुसता, “तुझ्या आजीच्या वेळेपासून आहे तो खिडकीतला कप. म्हणजे, तोच नव्हे. फुटला की दुसरा.”

आपण नाशिकचे. १९३० साली बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकारानं काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला तो आपल्याच गावात, पाच वर्षं चालला. सकाळी गाव झाडून रात्री कीर्तन करणाऱ्या गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधली तीही इथंच, गोदावरीच्या काठी. त्यांच्या नावाच्या पुलावरून आपण स्कूटी दामटतो. त्यांच्याच नावानं राज्यानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. शाळेत निबंध लिहिला आपण त्यांच्यावर, मार्कही मिळाले. खिडकीतला कप मात्र निबंधात आला नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं चहा ठेवला. मी मुद्दाम काही बोलले नाही. तिनं ओट्यावर कप मांडले. बाबांचा, माझा, तिचा आणि चौथा. चारही निळ्या काठाचे, एकाच सेटमधले. मावशी आल्या, त्यांनी खिडकीकडे हात नेला, आई म्हणाली, “हा घ्या.” त्यांनी एकदा कपाकडे बघितलं, एकदा आईकडे. घेतला. उभ्या उभ्याच, भरभर प्यायल्या. “बसा की,” मी म्हटलं. “नको ताई, कामं पडलीत.”

मग त्यांनी कप स्वतः विसळला, पुसला आणि बाकीच्या तीन कपांपासून जरा लांब, खिडकीत ठेवून दिला.

आई पुढे झाली आणि तो उचलून सेटमध्ये लावला. रोज हेच चाललंय सध्या. त्या खिडकीत ठेवतात, आई परत लावते. दोघी एकमेकींना काही बोलत नाहीत. बघू, कोण आधी थकतं.

स्टुटगार्टच्या आजींना मी एक पत्र लिहिलंय. वहिनी भाषांतर करून देणार आहे. ‘आमच्याकडे जिना आम्ही करत नाही, एक बाई करतात आणि त्यांचं नाव अमुक आहे’ एवढंच त्यात आहे. पेपरात छापायचं नाही म्हणाल्या होत्या, पत्राचं काही बोलल्या नव्हत्या. तरी टाकायच्या आधी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “लिहा की! जर्मनीला जाणारंय होय माझं नाव?”

आणि तुमच्या जिन्यात खराटा कुणाच्या हातात असतो? ‘मावशी’ हे उत्तर धरलं जाणार नाही.